शिट्टी होईपर्यंत

शाळा आठवीत सुटली तेव्हापासून माझ्यापुढं कोणी इंग्रजी बोलू लागलं की माझी मान आपोआप हलते. येस सर, ओके मॅडम. कळलं असलं तरी हलते, नसलं तरी हलते. दोनदा विचारायची भीती वाटते. न जाणो, समोरच्याच्या लक्षात यायचं की हा माणूस आपण समजलो होतो त्याहून कमी शिकलेला आहे. कतारमध्ये या मानेनं माझं कधी वाईट केलं नव्हतं. एका शुक्रवारी दुपारी मात्र तिनं एका फिलिपिनो माणसाला जवळजवळ घरी पाठवलं होतं.

मी दोह्यातल्या एका हॉटेलात एसीचं काम करतो. हॉटेलचा माणूस नाही मी, कंत्राटदाराचा. निळा गणवेश, मागचं दार, मागची लिफ्ट. पाहुणे बसतात तिकडं जायचं तर काम पाहिजे आणि हातात अवजार पाहिजे. म्हणून मी हातातला स्क्रू ड्रायव्हर सोडत नाही, चहा पितानाही नाही. या देशानं आणि या नोकरीनं माझ्या घरावर स्लॅब टाकला आहे. त्यामुळं मी सगळ्यांना थँक्यू म्हणत असतो. माझा खोलीवाला म्हणतो, तू लिफ्टलासुद्धा म्हणतोस.

हा खोलीवाला नांदेडकडचा, त्याच हॉटेलच्या लॉण्ड्रीत. अल हिलाल नावाच्या वस्तीत एका मोठ्या व्हिलाला प्लायवूडच्या भिंती घालून खोल्या केल्यात, त्यातली एक आमची. माझ्या खाटेखाली दोन वस्तू असतात. एक बॅग आणि एक क्लॅरिनेट.

आमच्या घराण्याचा बॅण्ड. सांगलीकडच्या पाच-पन्नास खेड्यांत आमच्याशिवाय वरात निघायची नाही. थोरले चुलते बॅण्ड मास्तर, वडील ढोलावर, मी क्लॅरिनेटवर. शाळाही त्यातच सुटली, कारण वार्षिक परीक्षा आणि लग्नाचे मुहूर्त एकाच महिन्यात यायचे, आणि मुहूर्त पुढं ढकलता येत नाही. मास्तरांनी मला कायदे शिकवले ते दोनच. पहिला, मांडवाच्या दारापर्यंत वाजवायचं, आत पाऊल टाकायचं नाही. आमची पंगतही सगळ्यांत शेवटी आणि मांडवाच्या मागल्या अंगाला बसायची. दुसरा, मास्तरांची शिट्टी होईपर्यंत थांबायचं नाही. श्वास संपू दे, चाल संपू दे, पाऊस येऊ दे. बॅण्ड थांबला की वरात थांबते, आणि वरात भलत्याच दारात थांबली की भांडणं होतात. तुझं संपलं म्हणून संपलं असं नसतं बाबा, मास्तर म्हणायचे, शिट्टी झाली की संपलं.

हॉटेलात दर शुक्रवारी दुपारी जेवणाच्या वेळी जाझ असतो. तिघं वाजवायचे. ड्रमवर एक म्हातारा काळा गृहस्थ, पियानोवर एक म्हातारा गोरा, आणि क्लॅरिनेटवर माझ्याच वयाचा एक फिलिपिनो. ओळख झाली ती एसीमुळं. स्टेजवर गारठा फार, क्लॅरिनेटचा सूर उतरतो, अशी तक्रार आली म्हणून मी गेलो. तापमान वाढवता वाढवता फिलिपिनोला म्हणालो, आम्ही थंडीतल्या लग्नांत क्लॅरिनेट शर्टाच्या आत धरून ठेवायचो. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जसा काही पंखाच बोलला. मग त्यानं आपली क्लॅरिनेट माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून तो मला भाई म्हणायला लागला आणि मी त्याला भाई. दोन भाई एकमेकांना हाक मारायला लागले की तिसऱ्याला कळायचं नाही कोण कोणाला बोलावतोय.

ड्रमवाल्यांना मी काका म्हणायला लागलो. आपल्याकडं त्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारवत नाही. मग पियानोवाले रुसले, म्हणाले, मी कोण मग? तुम्ही मामा, म्हटलं. त्यांनी फरक विचारला. काका बापाचे भाऊ, मामा आईचे.

"म्हणजे हा आणि मी सोयरे झालो," मामा म्हणाले.

"हुंडा किती दिला होतास?" काकांनी विचारलं.

हे दोघे दक्षिण आफ्रिकेतल्या एकाच शहरातले. तरुणपणी कधी भेटले नाहीत, कारण कायदाच तसा होता. काळ्यांची वस्ती वेगळी, गोऱ्यांची वेगळी, आणि दोघांनी मिळून एका स्टेजवर बसणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. ते भेटले म्हातारपणी, दोह्यात, याच हॉटेलच्या मागच्या दारात, सामान उतरवताना. काका सांगायचे की त्या काळात गोऱ्यांच्या एका क्लबात ते पडद्यामागं बसून ड्रम वाजवायचे आणि पुढं एक गोरा पोरगा नुसत्या काठ्या हलवायचा.

"तो पोरगा मीच असलो तर?" मामा दर वेळी विचारायचे.

"तू नव्हतास," काका म्हणायचे. "त्याला ताल कळायचा."

थंडी सुरू झाली तशा हॉटेलात नव्या मॅनेजर बाई आल्या, बैरुतच्या. चालताना पुढच्या माणसाच्या आधी पोचणाऱ्या. त्यांनी सगळीकडं कात्री लावायला घेतली. जाझबद्दल त्यांचं म्हणणं पडलं की पियानो आणि ड्रम असताना ही तिसरी पिपाणी कशाला. येत्या शुक्रवारी ऐकते आणि ठरवते. पिपाणी गेली तर भाईचा व्हिसा जाणार होता, आणि व्हिसा गेला तर तिकडं मुलीचं नर्सिंगचं कॉलेज थांबणार होतं. भाईला रात्री झोप येईना. त्यात बुधवारी त्याची दाढ ठणकायला लागली आणि गुरुवारी सकाळी डॉक्टरनं ती काढली. तो आला तेव्हा त्याचा एक गाल टम्म फुगलेल्या पुरीसारखा होता. ओठ मिटत नव्हते, मग फुंकणार कुठून?

आम्ही चौघं सामानाच्या खोलीत खुर्च्यांच्या ढिगाऱ्यापाशी उभे होतो. भाई काही बोलला, पण फुगलेल्या तोंडातून ते कोणाला कळलं नाही. बहुतेक फिलिपिनोत देवाचं नाव घेत असावा.

"एक रस्ता आहे," मामा म्हणाले. "जुना आहे."

त्यांनी काकांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. स्टेजच्या मागं कोरीव लाकडी जाळी आहे, भिंतभर. जाळीमागं एसीच्या मशिनची चिंचोळी जागा, आणि तिला मागच्या बाजूनं दार. तिथं जायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. मामांचा बेत असा की भाईनं पुढं बसून नुसती बोटं हलवायची आणि मी जाळीमागून वाजवायचं.

काका हसले नाहीत. "मी बसलोय पडद्यामागं," ते म्हणाले. "तिथं उकडतं."

"काका, तिथं एसी आहे," मी म्हणालो. "मीच साफ करतो."

त्यावर ते जे हसायला लागले ते त्यांना खुर्ची द्यावी लागली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, एकदाच. या माणसाच्या पोरीसाठी. परत मला असलं विचारायचं नाही.

लगेच तालीम झाली. चाली मला बऱ्याचशा पाठ होत्या, महिनोन्‌महिने त्यांच्या तालमींच्या वेळी फिल्टर धुता धुता ऐकलेल्या. गडबड होती ती मधल्या जागेची. जाझमध्ये म्हणे प्रत्येकाला एकट्यानं वाजवायची पाळी येते, आणि तेव्हा मनाला येईल ते वाजवायचं. मामा मला इंग्रजीत बराच वेळ समजावत होते. त्यातलं शेवटचं वाक्य मला आज कळतं. तुझं म्हणणं संपलं की तू थांब, मग आम्ही घेऊ, असं ते म्हणाले होते. तेव्हा मी मान हलवली. येस मामा. वाजवायला लागलो. थोड्या वेळानं मामांनी माझ्याकडं बघून मान डोलावली, तसा मी थांबलो. मला वाटलं, हां, म्हणजे यांच्याकडं शिट्टीच्या जागी मान आहे. मामांना वाटलं, पोरगं हुशार आहे.

शुक्रवारी सकाळी मी क्लॅरिनेट फिल्टरच्या खोक्यात भरत होतो तेव्हा खोलीवाला जागा झाला.

"काय करायलास बे?"

"काही नाही. काम आहे."

"सुट्टीच्या दिवशी? आन् फिल्टर घरी आणून परत न्यायलास?" त्यानं उठून खोक्यात डोकावलं आणि परत आडवा झाला. "पकडला गेलास तर माझं नाव सांगू नको. आन् नाही पकडला गेलास तर जेवणातलं काही तरी आण."

दुपारी मी जाळीमागं जाऊन बसलो. एक हात मशिनला टेकत होता आणि दुसरा भिंतीला. जाळीच्या भोकांतून मला दिसत होती काकांची पाठ, भाईचा एक कान आणि समोरची दोन टेबलं. एका टेबलावर मॅनेजर बाई कॉफी घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्यावर एक मराठी कुटुंब. बाप, आई आणि दहावी-बारावीतला मुलगा. बाप कोणाला तरी फोनवर सांगत होता की दुखान गावाहून निघायलाच उशीर झाला. पलीकडं काचेची दारं थंडीमुळं सताड उघडी होती आणि बाहेर पोहण्याच्या तलावावर पोरांचा कालवा चालला होता. मामा आणि त्यांचा पियानो मला अजिबात दिसत नव्हते. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

पहिल्या दोन चाली साखरेसारख्या विरघळल्या. भाई बोटं नेमकी हलवत होता, चांगला गालही फुगवत होता. दुसरा आपोआपच फुगलेला होता. मॅनेजर बाईंचा पाय टेबलाखाली ताल धरायला लागलेला मी पाहिला.

तिसऱ्या चालीत माझी पाळी आली. तालमीत वाजवलं होतं ते सगळं वाजवलं. छान झालं. संपलं. आता मामा मान हलवणार म्हणून मी बघायला गेलो तर समोर काकांची पाठ. पाठ जोरात वाजवत होती. शिट्टी नाही, मान नाही. म्हणजे चालू ठेवायचं. मी तेच पुन्हा, जरा उलटसुलट करून वाजवलं.

पुढं काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. भाईनं ओळखलं की माझं वाजवून झालं. त्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढली, झुकून नमस्कार करायला लागला, आणि अर्ध्या नमस्कारात क्लॅरिनेट परत वाजायला लागली. त्यानं ती घाईघाईनं तोंडात कोंबली, ती नेमकी दुखऱ्या बाजूला. मामा तिकडं पियानोवर मान हलवून हलवून थकले होते. काका म्हणतात, मामांची मान इतकी हलत होती की वेटर दोनदा येऊन विचारून गेला, सर, काही हवंय का?

मी वाजवत होतो. शिकलेलं संपलं, तालीम संपली, आठवत होतं तेवढं जाझ संपलं. श्वास संपायला आला. मग हात आपसूक घरी गेले. वरातीत नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळायला लागतात ती चाल मी काढली. काकांची पाठ एकदम ताठ झाली, आणि मग ती पाठ वेगळ्याच तालावर हलायला लागली. कुठून सापडला त्यांना तो ताल, देव जाणे. पण वडील ढोलावर धरायचे त्यापासून फार लांब नव्हता.

दुखानवाला बाप खुर्चीत चुळबुळायला लागला. आधी त्याचा एक खांदा हलला, मग दुसरा. मग त्यानं मांडीवरचा रुमाल उचलला, एक टोक दातात धरलं, दुसरं हातात, आणि तो उभा राहिला.

"अहो, काय हे," बायको म्हणाली, पण हसत.

"डॅड, प्लीज सिट डाऊन," मुलगा टेबलाखाली जात म्हणाला. "एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू दे की," बाप रुमालातून म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले. माझ्या छातीत आता कोंबडी फडफडत होती आणि मनात एकच प्रार्थना होती, मास्तर, शिट्टी मारा.

आणि शिट्टी झाली.

तलावावर कोणी पोरगं पळालं असावं. जीवरक्षकानं आपली शिट्टी कडक वाजवली, आणि मी थांबलो. तानेच्या मध्यावर, जागच्या जागी, लहानपणापासून थांबत आलोय तसा. काका थांबले, मामा थांबले. फक्त भाई थांबला नाही. त्याची बोटं मोकळ्या क्लॅरिनेटवर धावत राहिली, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. त्याला वाटलं असावं, आता आपल्याला ऐकूच यायचं बंद झालं.

सगळ्या हॉलमध्ये चमच्याचासुद्धा आवाज नव्हता. मग दुखानवाल्याच्या रुमालातून हसू सुटलं, आणि मागोमाग टेबलाटेबलावरून. मॅनेजर बाई हसल्या नाहीत. त्या कॉफी ठेवून उठल्या आणि माझ्या जाळीच्या भोकातून दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, गेलं. भाईचं गेलं आणि माझंही गेलं. घरच्या स्लॅबचे उरलेले हप्ते मला त्या अंधारात दिसायला लागले.

मागचं दार उघडलं. माझ्या एका हातात क्लॅरिनेट होती. दुसऱ्या हातानं मी स्क्रू ड्रायव्हर कधी उचलला ते मला माहीत नाही.

बाईंनी दोन्ही हात पाहिले. "एसी ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"ओके मॅडम," मी मान हलवली. "थँक्यू मॅडम."

तोवर तिघंही मागं येऊन पोचले. कोणाची ही कल्पना, बाईंनी विचारलं. माझी, असं काका म्हणाले. माझी, असं मामाही म्हणाले. भाई पुष्कळ काही म्हणाला, पण त्याच्या दाढेनं त्यातलं अक्षरही बाहेर पडू दिलं नाही.

बाईंनी भाईच्या गालाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या भिंतीला टेकून हसल्या, अगदी वाकून. पाहुण्यांना वाटलं होतं की हा बसवलेला विनोद आहे. एका टेबलानं तर पुढच्या शुक्रवारचं बुकिंगही करून टाकलं होतं. "क्लॅरिनेट राहील," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या आठवड्यात हेच करा. तो पुढं, हा मागं. अगदी असंच."

भाई भिंतीला धरून खाली बसला. मी दोनदा थँक्यू म्हणालो. मामांनी बाईंचा हात हातात घेतला.

"नाही," काका म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडं वळलो. आत्ताच वाचलेली नोकरी हा माणूस परत पाण्यात टाकत होता.

"क्लॅरिनेट एक असू दे, दोन असू देत," काका म्हणाले. "पण जाळीमागं कोणी बसणार नाही. गंमत म्हणूनही नाही."

मी त्यांची बाही ओढली. "काका, मला चालतं. मागं बरं वाटतं मला. खरंच."

"मलाही चालायचं," ते म्हणाले. "त्या वेळी मीही असंच सांगायचो सगळ्यांना."

बाईंनी घड्याळ पाहिलं, मग काकांना पाहिलं, मग माझा गणवेश. निळा गणवेश स्टेजवर दिसता कामा नये, असा नियम आहे, त्या म्हणाल्या. मामांनी आपला काळा कोट काढला आणि माझ्या अंगावर चढवला. मामा सहा फुटांवर आहेत. माझे हात बाह्यांत हरवले.

"यल्ला, चला," बाई म्हणाल्या. "एक गाणं. मग खलास."

बाई आपल्या टेबलाकडं गेल्या, आणि काका, मामा, भाई जाऊन आपापल्या जागी बसले. मी जाळीच्या कडेला आलो, जिथं स्टेजचा गालिचा सुरू होतो, आणि तिथं माझे पाय थांबले. कोणी अडवलं नव्हतं. पण पायांना मांडवाचं दार कळतं. सगळी टेबलं माझ्याकडं बघत होती. दुखानवाला बाप रुमालाची घडी करत होता, त्याचा मुलगा टेबलाखालून वर आला होता. मामांनी पियानोची नुसती एक पट्टी दाबून धरली, काका काठ्या मांडीवर ठेवून बसले. कोणीच 'ये' म्हणेना. शेवटी भाईनं, एका हातानं गाल धरून, पायानं एक रिकामी खुर्ची माझ्याकडं ढकलली. ती गालिच्यावरून घसरत आली आणि माझ्या गुडघ्यावर आदळली. दुखलं. मी ती उचलून जागेवर ठेवायला म्हणून पुढं गेलो, आणि आत पोचलो.

"आज त्या जीवरक्षकानं कोरड्या माणसाला वाचवलं," काका भाईकडं काठी दाखवत म्हणाले, आणि त्यांनी ताल धरला.

भाईनं आपली क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवली होती. कसंबसं तोंड उघडून तो माझ्या कानाशी म्हणाला, "भाई, आता तरी लवकर थांब."

चाल सुरू झाली. माझी पाळी आली. बाह्या दुमडून मी वाजवलं, आणि या वेळी मला सगळं दिसत होतं. काकांचं तोंड, टेबलं, मॅनेजर बाईंचा टेबलाखालचा पाय. पियानोवर मामा दिसत होते, बिनकोटाचे. माझं म्हणणं संपत आलं तसं त्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. स्पष्ट, मोठी, येस-नो काही शंका राहू नये अशी.

मी ती पाहिली. आणि न पाहिल्यासारखं करून वरातीच्या चालीला हात घातला.

दुखानवाल्यानं घडी केलेला रुमाल परत उघडला. मामांनी दोन बोटं तोंडात घातली, पण हसू येत असताना शिट्टी वाजत नाही. शेवटी भाईनं खुर्चीखालून माझ्या नडगीवर लाथ मारली, तेव्हा मी थांबलो.